हळदी पट्टी गट्टी

भर बारशात माझा परकर सुटला, तिथून ही हकीकत सुरू करते. डॉक्टर लोक ती दुसरीकडून सुरू करतील, पण त्यांचा परकर सुटला नव्हता.

मी कानडी मुलखातल्या हुलसूरची लेडीज टेलर. गावातल्या निम्म्या बायकांच्या पाठीचं माप मला तोंडपाठ आहे, आणि स्वतःच्या पाठीत काय शिजत होतं याचा मात्र पत्ता नव्हता. कितीतरी महिने पोटाभोवती, बेंबीच्या जरा वर, कुणीतरी पट्टा आवळून धरल्यासारखं वाटत होतं. गॅस असेल म्हणून ओवा चावला, सोडा प्याले, हरभऱ्याची डाळ बंद केली. शेवटी मी निकाल लावला की दोष नाडीचा आहे. वय वाढलं, पोट वाढलं, नाडी तेवढीच राहिली. म्हणून मी नाडी थोडी थोडी सैल बांधायला लागले.

बारसं एका जुन्या गिऱ्हाइकाकडं होतं. पाळण्याखालून बाळ द्यायला मी वाकले, बाळ दिलं, सरळ झाले आणि पाय लटपटले. त्या हिसक्यानं परकर गेला, आणि त्यात खोचलेल्या निऱ्याही त्याच्यामागं गेल्या. चार बायकांनी सतरंजी आडवी धरून मला झाकलं. एक म्हातारी म्हणाली, "गावाला कपडे शिवून घालती, अन् सोताचा परकर बांधायला येईना व्हय गं?" मी सगळ्यांबरोबर हसले. रडण्यापेक्षा ते बरं दिसतं.

पण त्या सतरंजीआड उभी असताना एक गोष्ट ध्यानात आली आणि माझं हसू आटलं. परकर पायात पडला होता, आणि पट्टा पोटावर तसाच होता.

सगळ्यांना कंबरच दिसते

माझा धंदा पायाचा. मोटर लावलेली मशीन मला आवडत नाही, ती माझ्या आधी पळते. पायडल आपल्या मनासारखं चालतं, थांब म्हटलं की थांबतं. निदान थांबायचं. आता पाय पायडलवर आहे की फरशीवर, हे मला वाकून बघावं लागायला लागलं. एकदा एका मास्तरीणबाईंच्या ब्लाउजची बाही मी तोंडाशीच शिवून बंद करून टाकली. पाय थांबलाय असं मला वाटलं होतं आणि तो थांबला नव्हता. बाई ब्लाउज घालून बघायला आत गेल्या आणि आतूनच ओरडल्या, "मंदाक्का, हात कुठून काढू?"

चालताना जमीन गादीसारखी लागायची. खड्ड्यात कुणीही पडतं, मी सपाट रस्त्यावर पडायचे. सपाट रस्त्यावर पडणाऱ्या बाईबद्दल गाव काय काय बोलतं ते इथं लिहीत नाही.

आमच्या मालकांचं बियाण्याचं दुकान आहे. बियाणं विकणारा माणूस घाई करत नाही. पेरलं की वाट बघायची, एवढंच त्यांना ठाऊक. घरात काहीही झालं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "बगू." मी पडले, "बगू." बाही बंद झाली, "बगू." परकराचं कानावर गेलं तेव्हा मात्र नुसते बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना हसू आलं होतं की काळजी लागली होती हे मी अजून विचारलेलं नाही.

मग दवाखाने झाले. ज्याला त्याला माझी कंबरच दिसायची. पाय लटपटतात म्हणजे कंबर. बाई, शिवणकाम, म्हणजे कंबर. मी बोट दाखवायचे पाठीच्या मधोमध, जिथं ब्लाउजचा शेवटचा हूक येतो तिथं, आणि समोरचा माणूस मान हलवून एक वीत खाली बघायचा. कंबरेचा फोटो काढला, कंबर ठणठणीत निघाली. तरी कंबरेला बांधायला पट्टा दिला. आता माझ्याकडं दोन पट्टे झाले, एक आतला आणि एक बाहेरचा.

ज्या दिवशी मला दुकानाचा उंबरा ओलांडता येईना आणि मालकांनी उचलून आत घेतलं, त्या दिवशी ते म्हणाले, "गुलबर्ग्याला जाऊ." पाटीवर आता कलबुर्गी लिहितात, पण आजारी माणूस जातो तो गुलबर्ग्यालाच.

बोगद्याचा दिवस

आमच्याबरोबर माझी माय होती. माय रेणापूरकडची, लातूर जिल्ह्यातली. मला इकडं दिल्यापासून तिचं एकच गाऱ्हाणं, "लेकराला परभाषेत दिलं." मी इथं येऊन कानडी शिकले, भांडणापुरती तर पक्की शिकले. मायला मात्र कानडीचं अक्षर येत नाही. माझा पाय चालेना असं कळल्यावर ती एका पिशवीत लुगडी आणि दुसऱ्या पिशवीत घरची हळद, तिखट, शेंगदाण्याची चटणी घेऊन आली आणि म्हणाली, "मी आलेय आता, पळायला लागशील बघ."

मणक्याच्या डॉक्टरांनी कंबरेकडं बघितलंसुद्धा नाही, तिथंच मला ते आवडले. त्यांनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टक्क केलं, आणि माझा पाय असा उडाला की त्यांच्या हातातली हातोडी टेबलाखाली गेली. मला अभिमानच वाटला. मायनं तर मालकांना कोपरानं ढोसलं, "बघा की, किती ताकद हाय पोरीच्या पायात!" डॉक्टर हसले नाहीत. इतका उडणारा पाय चांगला नसतो म्हणाले, वरून येणारा लगाम कुठंतरी अडकलाय.

मग फोटोच्या बोगद्यात, म्हणजे एमआरआयला, जायचं ठरलं. अंगावरचं सगळं काढा म्हणाले. मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, आणि गळ्यातली लिंगाची चांदीची डबीही काढावी लागली. लहानपणी बांधलेली ती डबी माझ्या अंगावेगळी होत नाही. मी ती मालकांच्या हातात दिली. आत बोगद्यात लोहाराच्या भट्टीसारखा ठणठणाट चालला होता आणि मी पोटाचा पट्टा धरून पडले होते. बाहेर आले तेव्हा मालक मी सोडून गेले त्याच जागी उभे होते, दोन्ही हातांच्या ओंजळीत डबी धरून. बसायला खुर्ची होती, पण हात मोकळे नव्हते म्हणून बसले नाहीत म्हणे. बसायला हात कशाला लागतात हे मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला आणि आम्हा तिघांना समजावून सांगितलं. पुष्कळ वेळ सांगितलं. त्यातलं मला आठवतं ते एवढंच, "ऑपरेशन." त्या शब्दानंतर त्यांचे ओठ हलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. नंतर कळलं की मालकांचंही तेच झालं होतं. आम्ही दोघं कानडी जाणणारी माणसं, आणि दोघंही बहिरी झालो होतो. सगळं नीट लक्ष देऊन ऐकलं ते एकट्या मायनं.

हळद

घरी आल्यावर मायनं पहिलं काम काय केलं, तर चूल पेटवली. हळद, तेल आणि कसलातरी पाला गरम करून तिनं जुन्या लुगड्याच्या पट्टीवर थापला, माझ्या पाठीच्या मधोमध ठेवला, आणि वरून दुसऱ्या पट्टीनं इतकं आवळून बांधलं की आता माझे पट्टे तीन झाले.

"माय, हे काय?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"कधी?"

"तुमच्यासमोरच की! तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

आमचं ध्यान नव्हतंच, त्यामुळं तोंड कुठल्या तोंडानं उघडणार? मला वाटलं, ऑपरेशनच्या आधी कातडी शेकायची असेल. मालकांना वाटलं, मी विचारून घेतलं असेल. रोज सकाळ-संध्याकाळ हळदीची पट्टी बदलली जायला लागली. मी लग्नात पिवळी झाले नव्हते इतकी आता झाले. पाठीला आग व्हायची, खाज सुटायची, पण डॉक्टरचा शब्द म्हणून मी सोसलं. माय खूष होती. शेजारणींना सांगायची, "गुलबर्ग्याचा डॉक्टर लई शाना. आपलंच औषध सांगितलं."

भरती व्हायच्या दिवशी नर्सनं माझी पाठ उघडली आणि "अय्यय्यो" म्हणून डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी माझी पाठ बघितली. खांद्यापासून कंबरेपर्यंत पिवळीधमक, आणि मधोमध, नेमकी जिथं सुरी चालवायची तिथं, लालबुंद पुरळ.

"येनिदु?" म्हणाले, म्हणजे हे काय?

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मायकडं बघितलं. मायनं डॉक्टरांकडं बोट दाखवलं. "तुम्हीच सांगितलं की, हळदीची पट्टी घट्ट बांधा म्हणून!"

मालकांनी त्याचं कानडी केलं. डॉक्टर आधी गोंधळले, मग त्यांनी कपाळाला हात लावला. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं होतं ते पुन्हा शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, "बेन्नाग हळदी पट्टी गट्टी आग्यद."

कानडी येणाऱ्याला याचा अर्थ सरळ आहे. बेन्नाग म्हणजे पाठीत. हळदी म्हणजे पिवळी. गट्टी आग्यद म्हणजे कडक झाली आहे. पाठीत मण्यांना बांधणारी एक पिवळी पट्टी असते, तिचं डॉक्टरी नावच पिवळी असं आहे, आणि ती कडक होऊन माझ्या मज्जारज्जूला दाबत होती. हा झाला माझा सगळा रोग, एका वाक्यात. त्याच वाक्यातून मायनं हळद घेतली, पट्टी घेतली, आणि गट्टीचं घट्ट केलं.

डॉक्टर मायला समजेल अशा मराठीत म्हणाले, "आजी, पट्टी आत हाय. आत. देवानं घातलेली." मग माझ्याकडं वळून गंभीर झाले. असल्या पुरळावर सुरी लावता येत नाही. कातडी स्वच्छ होईपर्यंत ऑपरेशन पुढं.

ते पुढं ढकललेले दिवस

आतापर्यंत मी हसत लिहिलं. त्या दिवसांत मी हसले नाही.

पाय झपाट्यानं गेले. उभं राहायला दोघं लागायला लागले. लघवीला जायचंय हे कळायचं आणि पोचायच्या आत व्हायचं. हे लिहू नको असं मला एका बहिणीनं सांगितलं, पण ज्याला हे होतंय त्याला वाटतं की जगात आपल्या एकट्यालाच होतंय, म्हणून लिहिलं. पोटावरच्या पट्ट्याखाली पाय नावाचं काही आहे यावर माझा विश्वास उडत चालला होता. मला एकच भीती होती. उद्या हे पाय खुर्चीत बसवून ठेवायचे झाले, तर मी कोण? पायडलवरचा पाय गेला की मंदा टेलर उरते का?

माय मला मोरीत पाटावर बसवून पाठ घासायची. बेसन, साय, लिंबू, साबण. हळद काही जाईना. घरची होती ना, अस्सल.

एकदा माझा तोल गेला. अंगाचा नाही, तोंडाचा. मी म्हणाले, "माय, तुझ्या हळदीपायी माझे पाय गेले तर?"

पाठीवरचा हात थांबला. मग ती म्हणाली, "तिथं समदेच बोलायले व्हते. डॉक्टर बोलायला, जावई बोलायले, नर्स बोलायली. मला काय बी कळंना. लेकीला काय झालंय त्येच कळंना. तेवढं हळद-पट्टी कळलं. मग त्येच धरून बसले. कामून धरलं इचारशील तर, मला कायतरी करायला मिळालं गं."

माझा राग खरा होता आणि तो तिथंच विरघळला असं म्हणणार नाही. पण मी हात मागं नेला आणि तिचं ओलं मनगट धरलं. तिनं दुसऱ्या हातानं घासायचं चालू ठेवलं.

त्याच दुपारी मी एक जुना ब्लाउज मागवून मांडीवर पसरला आणि डॉक्टरांकडून आता नीट ऐकून घेतलेलं सगळं मायला कळेल अशा भाषेत, म्हणजे माझ्या धंद्याच्या भाषेत, समजावून सांगितलं. पाठीचे मणी म्हणजे एकाखाली एक लावलेली बटणं समज. त्यांना पुढून एक लांब पट्टी धरते आणि पाठीमागून एक लांब पट्टी धरते, गळ्यापासून खालपर्यंत. शिवाय प्रत्येक दोन मण्यांच्या मागच्या कमानींमध्ये एक छोटी पिवळी पट्टी असते, इलास्टिकसारखी. आपण वाकलो की ती ताणते, सरळ झालो की आवरते. ह्या सगळ्यांच्या मधल्या नळीतून पायाकडं जाणारी दोरी जाते. माझ्या त्या इलास्टिकचं बक्रम झालंय. कॉलर ताठ राहायला घालतो तसलं. नुसतं बक्रम नाही, पार हाड झालंय, आणि ते दोरीवर टेकलंय. गळ्याशी आणि कंबरेशी त्या नळीत जरा ऐसपैस जागा असते. मधल्या पाठीत मात्र देवानं मायाच सोडलेली नाही. शिवणीला कडेनं सोडतात ती माया. जरा काही जाड झालं की दोरी आवळलीच.

मायनं ब्लाउज उलटासुलटा करून बघितला. "माया सोडली न्हाई?" म्हणाली. "त्यो कसला शिंपी म्हनावा!"

पुढं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा रोग ब्लाउज दाखवून सांगायला लागली. येणाऱ्यांचंही सांगणं असायचं. मणक्याला सुरी लागली की माणूस खाटेवरून उठत नाही, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. प्रत्येकाच्या पाहुण्यांत असा एक माणूस होता. मायनं त्या सगळ्यांना चहा दिला आणि लवकर घालवलं.

उगवण किती?

पुरळ गेलं, पिवळेपणा थोडा राहिला. डॉक्टर म्हणाले, चालेल.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी स्पष्ट सांगितलं. नाही केलं तर पाय जाणार हे नक्की. केलं तर बहुतेक आहे तिथं थांबेल, परत किती येईल ते दोरी ठरवेल. आणि कधीतरी, क्वचित, दोरीला धक्का लागून आहे तेही जातं.

मालकांनी जन्मभर गिऱ्हाइकांच्या ज्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला, "उगवण किती टक्के?"

डॉक्टर म्हणाले, "अण्णा, उगवणीची ग्यारंटी न्हाई. कीड थांबवतो, एवढं माझं."

मालकांनी सही केली. सही करताना त्यांनी पेन इतकं दाबलं की कागद खालून फुगला. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत ते माझ्या खाटेबरोबर चालत आले. काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघितली. ते म्हणाले, "दुकानाला कुलूप लावलंय." नवऱ्याकडून याहून मोठं वाक्य मी लग्नापासून ऐकलेलं नाही. त्यांनी दुकान दिवसाढवळ्या कधी बंद ठेवलेलं नव्हतं.

म्याल आणि केळग

शुद्धीवर आले तेव्हा पाठ उसवून पुन्हा शिवलेली होती. मी नर्सला पहिला प्रश्न विचारला तो टाक्यांचा. तिनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. काम चांगलं होतं, पण शेवटचे दोन टाके जरा ओढले होते. मी तसं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी तुम्हाला बोलावतो.

कूस बदलायची तर आपली आपण बदलायची नाही. तिघीजणी चादर धरून मला कापडाच्या ताक्यासारखी एका दमात फिरवायच्या. आयुष्यभर ताके मी फिरवले, आता ताका होऊन बघितलं. ताक्याला मान असतो, त्याच्याशी कुणी गप्पा मारत नाही. माझ्याशी मात्र फिरवता फिरवता नर्स ब्लाउजच्या गळ्याची फॅशन विचारून घ्यायच्या.

पाय जागच्या जागी होते आणि गप्प होते. रोज सकाळी डॉक्टर यायचे, मला डोळे मिटायला सांगायचे, पायाचा अंगठा धरून हलवायचे आणि विचारायचे, "म्यालो, केळगो?" वर की खाली? मला काही कळायचं नाही. मी अंदाजानं ठोकायचे. अर्धे बरोबर यायचे, अर्धे चुकायचे, आणि डॉक्टर काही न बोलता जायचे. ते काही न बोलणं मला दिवसभर पुरायचं.

मग एके सकाळी माझी सगळी उत्तरं बरोबर आली. दुसऱ्या सकाळीही आली. डॉक्टर खूष, मालक खूष. मी मात्र खूष नव्हते, कारण मला आतली भानगड माहीत होती. खाटेच्या पायथ्याशी माय बसायची. अंगठा वर गेला की माय एकदा खोकायची, खाली गेला की दोनदा. एवढ्या दिवसांत तिनं कानडीतले दोन शब्द शिकून घेतले होते, म्याल आणि केळग, ते ह्या परीक्षेसाठी.

"माय, हे कामून करायलीस?" मी तिला विचारलं.

"नापास केलं तर घरी सोडतील व्हय तुला?"

लबाडी आहे हे मला कळत होतं. पण डॉक्टरांनी काही न बोलता जावं यापेक्षा लबाडी बरी वाटायची. मी तिच्या खोकल्यावर पास होत राहिले.

पुढच्या एका सकाळी डोळे मिटले. अंगठा हलला. माय खोकली, एकदा. म्हणजे वर. मी तोंड उघडलं आणि थांबले. अंगठ्याकडून काहीतरी येत होतं. फार लांबून, पुसट, भिंतीपलीकडचं कुणी बोलावं तसं. ते म्हणत होतं, खाली.

मायवर विश्वास ठेवायचा की अंगठ्यावर? डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "म्यालो, केळगो?"

"केळग," मी म्हणाले.

"बरोबर."

मी डोळे उघडले. माय पदरात तोंड खुपसून खोकत होती, थांबतच नव्हती. कसाबसा श्वास घेऊन म्हणाली, "अगं, खरा आला व्हता! खरा खोकला आला व्हता! चटणीचा ठसका!"

मी रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं टाके दुखतायत. मालकांना वाटलं आता काय झालं. नर्सला वाटलं म्हातारीला पाणी हवंय. खरं काय झालं ते मी आणि माय दोघींनाच कळलं. ते कानडीत नव्हतं, मराठीतही नव्हतं.

ज्यांना हे होतंय त्यांना

मला डॉक्टरी सांगायची नाही. पोटाभोवती पट्टा वाटला तर नुसत्या नाडीला दोष देऊ नका, आणि पाय गेले म्हणून सगळे कंबर बघत असतील तर एकदा वरची पाठही बघा म्हणा, एवढं सांगते. दवाखान्यात एकानं तरी ऐकायचं काम करावं आणि ज्याला ती भाषा येत नाही त्याला बाहेर आल्यावर त्याच्या भाषेत सांगावं. नाहीतर तो जे कळेल ते धरून बसेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

आणि घाई करू नका. चालायला शिकवणारी बाई होती, तिची भाषा तिसरीच, दख्खनी. मी पायाकडं बघत बघत चालायचे, पाय कुठं आहे ते बघितल्याशिवाय कळत नव्हतं ना. ती हनुवटीला बोट लावून मान वर करायची. "अक्का, नीचे नक्को देखो. जमीन कहीं भाग के नै जाती." मी म्हणायचे, जमीन नाही जात, पाय जातात. ती म्हणायची, "जाने दो, आ जाते."

पाय थोडे आले, थोडे अजून यायचे आहेत. डाव्या पायाची दोन बोटं अजून परगावी आहेत. पायडल मी चालवते, थोडा वेळ, मालकांच्या नजरेखाली.

अंगण

पण एक दुपार सांगून थांबते.

घरी येऊन बरेच दिवस झाले होते. वॉकर धरून मी अंगणात चालायचा सराव करत होते, अनवाणी, कारण तसंच सांगितलं होतं. उन्हाळा होता. अंगणात आमच्याकडं सगळ्यांच्या असते तशी शहाबादी फरशी. सावलीतून मी उन्हात गेले, आणि मला वाटलं की खाली काहीतरी झालं. काय ते आधी कळेना. मग कळलं आणि मी अशी किंचाळले की शेजारची गाय उठून उभी राहिली.

मालक जेवत होते, ते खरकट्या हातानं अनवाणीच धावत आले. मायही मागून आली.

"पडलीस?"

"पोळायलंय!" मी ओरडले. "पाय पोळायलेत माझे!"

"मग सावलीत ये की गं बाई!" माय म्हणाली. मालक मला उचलायला वाकले.

"हात लावू नका," मी म्हणाले. "जरा थांबा. राहू द्या."

माय मटकन उंबऱ्यावर बसली आणि तिनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही. मालक सरळ झाले. माझ्याकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं, आणि मग त्यांना स्वतःचे पाय आठवले. "आई गं," म्हणाले, "लई तापलीय की!"

"मला सांगताव?" मी म्हणाले.

ते सावलीत गेले नाहीत. भर उन्हात, उष्टा हात वर धरून, ते माझ्या शेजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राहिले, आणि मी दोन्ही पाय टेकून उभी होते.